सही करण्याआधी

अमेरिकन नागरिकाने भारतातल्या बायकोला किंवा नवऱ्याला कायमचं इकडे आणायचं ठरवलं की सरकार मुख्यतः दोन गोष्टी तपासतं. लग्न खरं आहे का, आणि येणाऱ्या माणसाला सांभाळण्याइतकी मिळकत आहे का. पहिलीसाठी लोक हौसेने तयारी करतात. हळदीपासून वरातीपर्यंतचे फोटो, विमानाची तिकिटं, सासरच्या गावी काढलेले सेल्फी, व्हॉट्सॲपवरच्या गप्पांचे गठ्ठे. दुसरीवर आलो की समोरचा माणूस खुर्चीत जरा मागे सरकतो. त्या दुसऱ्या गोष्टीचा फॉर्म म्हणजे आय-८६४, ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एका इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात मी पॅरालीगल आहे आणि माझे बरेचसे दिवस याच फॉर्मात जातात. कायदेशीर सल्ला आमच्या वकीलबाई देतात. कागद गोळा करणं, आकडे जुळवणं आणि माणसांशी बोलणं माझ्याकडे.

या देशात येण्यापूर्वी मी सांगलीत एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होते. कर्जदार पुढे आणि जामीनदार त्याच्या मागे, असे लोक यायचे. जामीनदार बहुधा चुलतभाऊ, मेहुणा नाहीतर शेजारचा मास्तर. तो बाकावर बसून राहायचा, नाव पुकारलं की उठायचा आणि ‘कुठं करू सही?’ एवढंच विचारायचा. काय वाचलं, काय नाही, कोणी बघत नव्हतं. दोन-तीन वर्षांनी हप्ते थकले की वसुलीची नोटीस त्या मास्तरांच्या घरी जायची, आणि मग दोन घरांतला चहा बंद व्हायचा. हे इतक्या वेळा पाहिलं की सहीसाठी बोट ठेवून दाखवणं मी इथे आल्यावर कटाक्षाने टाळलं. आय-८६४ हीसुद्धा हमीच आहे. पण कर्ज फिटलं की बँकेचा जामीनदार मोकळा होतो, इथे मोकळं होण्याच्या वाटा वेगळ्या आहेत आणि त्या फार थोड्यांना ठाऊक असतात.

येणारा माणूस सरकारवर बोजा होऊ नये ही अट अमेरिकेच्या कायद्यात १८८२ पासून आहे. तरी हमीदाराचं वचन बराच काळ कागदावरच राहिलं, कारण कोर्टात ते टिकत नसे. १९९६ मध्ये काँग्रेसने कायदा बदलला, अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर सही केली आणि १९ डिसेंबर १९९७ पासून हमीपत्र हा बंधनकारक करार झाला. जो सही करतो तो सरकारला लिहून देतो की येणाऱ्या व्यक्तीला दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्नाच्या खाली मी जाऊ देणार नाही. तिने गरिबांसाठीच्या काही सरकारी योजनांचा लाभ घेतला तर योजना चालवणारं खातं हमीदाराकडून पैसे मागू शकतं. आणि ज्या व्यक्तीसाठी ही हमी दिली, ती व्यक्तीही हमीदाराला कोर्टात खेचू शकते. बंधन सुटतं ते ती नागरिक झाली तर, तिच्या नावावर कामाच्या ४० तिमाह्या जमल्या तर, ती देश कायमचा सोडून गेली तर, किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला तर. घटस्फोटाने सुटत नाही. फॉर्ममध्येही हे एका ओळीत सरळ लिहिलेलं आहे. मी ती ओळ वाचून दाखवते तेव्हा बहुतेकांनी ती पहिल्यांदाच ऐकलेली असते.

आकडा ऐकून मात्र लोकांना हायसं वाटतं. २०२५ च्या तक्त्यानुसार नवरा-बायको अशा दोघांच्या घराला वर्षाचे २६,४३७ डॉलर पुरत होते. न्यू जर्सीत त्या वर्षी किमान वेतन ताशी १५ डॉलर ४९ सेंट होतं. पूर्ण वेळ काम केलं तर पेट्रोल पंपावर गाड्यांत तेल भरणारा माणूसही ३२,००० च्या पुढे जातो. (आमच्या राज्यात गाडीत पेट्रोल स्वतः भरायची परवानगी नाही, त्यामुळे हे काम करणारी आपल्याकडची मुलं पुष्कळ आहेत.) ज्या राज्यांत अजून केंद्राचं किमान वेतन चालतं, तिथे हिशेब उलटा होतो. ते वेतन २००९ पासून ७ डॉलर २५ सेंटवर थांबलेलं आहे. वर्षभर चाळीस तासांचे आठवडे भरून १५,०८० डॉलर होतात, आणि नुसत्या तेवढ्या मिळकतीवर बायको आणता येत नाही. अलास्का आणि हवाई सोडले तर रेषा देशभर एकच. एडिसनचं घरभाडं आणि मिसिसिपीतल्या खेड्याचं घरभाडं तिला सारखंच.

ही रेषा मूळची या कामासाठी आखलेलीच नव्हती. सोशल सिक्युरिटी खात्यात मॉली ओर्शान्स्की नावाच्या अर्थतज्ज्ञ होत्या. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी शेती खात्याचा सर्वांत स्वस्त आहार घेतला. हातात पैसा नसताना तात्पुरतं भागवण्यासाठी आखलेला आहार होता तो. त्या काळी कुटुंबं मिळकतीचा साधारण तिसरा हिस्सा अन्नावर खर्च करत, म्हणून त्यांनी आहाराच्या खर्चाला तीनने गुणलं. पुढे दरवर्षी महागाई चढवत तीच रेषा आजवर आली आहे. गरीब मुलांची मोजदाद व्हावी म्हणून त्या बाईंनी केलेल्या हिशेबावर आज कुणाची बायको येणार आणि कुणाची थांबणार हे ठरतं. मला हे पटत नाही. राज्याराज्यातला खर्च तरी धरायला हवा.

आमच्याकडे अडतात ते कमी कमावणारे असतातच असं नाही. अडतात ते कागदावर कमी दिसणारे. साताऱ्याकडचा एक तरुण आला होता, अमेरिकन नागरिक, ॲपवर टॅक्सी चालवणारा. लग्न कराडला झालं होतं. पहाटे नेवार्क विमानतळाच्या फेऱ्या, संध्याकाळी न्यूयॉर्कच्या, असं त्याचं आयुष्य. वर्षाचा धंदा ६०,००० डॉलरचा. तो आकडा त्याने आल्या आल्या अभिमानाने सांगितला, आणि अभिमान वाटावा असेच त्याचे कष्ट होते. मी त्याचं २०२४ चं टॅक्स रिटर्न उघडलं. कर खात्याने त्या वर्षी धंद्याच्या मैलामागे ६७ सेंट वजावट दिली होती. त्याचे मैल ४५,०००, म्हणजे ३०,१५० डॉलर तिथेच गेले. शिवाय ॲपवाल्यांचं कमिशन, टोल, फोन. खाली एकूण मिळकतीच्या ओळीत उरले होते २१,००० च्या आसपास. वजावट कायदेशीर होती, त्याच्या अकाउंटंटने चोख काम केलं होतं. पण आय-८६४ नेमकी तीच ओळ विचारतो.

‘ताई, पण पैसे तर खरेच येतात ना माझ्याकडे?’ तो म्हणाला. येतात. भाडं वेळेवर जातं, आईच्या औषधपाण्यात खंड नाही, गावी घराचं काम चाललंय. यातलं काही त्या ओळीत बसत नाही. आणि आई म्हणाला तेव्हा मला पुढचा प्रश्न विचारावा लागला. आईला त्यानेच ग्रीन कार्डवर बोलावलं होतं, तिच्यासाठी असाच फॉर्म भरला होता आणि ती अजून नागरिक झालेली नव्हती. म्हणजे ते बंधन चालू, म्हणून तीही घरच्या संख्येत धरायची. दोघांचं घर तिघांचं झालं आणि लागणारी मिळकत ३३,३१२ वर गेली. तूट १२,००० डॉलरची.

तूट मालमत्तेने भरून काढता येते. नागरिकाच्या जोडीदारासाठी तुटीच्या तिप्पट मालमत्ता लागते, ग्रीन कार्डवाल्याच्या जोडीदारासाठी पाचपट. इथे म्हणजे ३६,००० डॉलर. हे कळल्यावर चार दिवसांत कराडहून त्याच्या सासऱ्यांनी सातबाराचे उतारे पाठवले. नदीकाठची ऊसाची जमीन. त्या कागदांमागची भावना मला पूर्ण समजली. मुलीच्या वडिलांनी आपल्याकडचं सर्वांत मोलाचं पुढे केलं होतं. मला त्यांना फोन करून सांगावं लागलं की काका, मालमत्ता सही करणाऱ्याची, त्याच्या घरातल्या माणसाची किंवा येणाऱ्या व्यक्तीची स्वतःची लागते. सातबारावर काकांचं आणि त्यांच्या दोन भावांचं नाव होतं, मुलीचं नव्हतं. नाव चढवलं तरी प्रश्न सुटला नसता. वर्षाच्या आत विकून पैसा हातात येईल हे दाखवावं लागतं, आणि महाराष्ट्रात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच विकता येते. त्यात सामाईक खातं, त्यावर सोसायटीचं पीककर्ज. मुलीच्या नावची मुदत ठेव असेल तर ती चालते, बँकेचं पत्र आणि ठेव कधीपासूनची आहे त्याचा पुरावा जोडायचा. ठेव होती, पण ती दोन लाखांची. काकांनी दागिन्यांचं विचारलं. मालकी, मूल्य आणि विक्री हे तिन्ही कागदोपत्री सिद्ध करणं एवढं जिकिरीचं होतं की मी त्या वाटेला कुणाला पाठवत नाही, आणि लेकीच्या अंगावरचं सोनं अशा कामी लावणं मला बरंही वाटत नाही.

उरले दोन मार्ग. एक, पगारी नोकरी. रिटर्न मागच्या वर्षाचं असलं तरी चालू मिळकतही पाहतात. मालकाचं पत्र आणि काही महिन्यांच्या पगाराच्या पावत्या दाखवल्या तर वजन पडतं. त्याने टॅक्सी कमी करून एका गोदामात दिवसपाळी धरली. दुसरा, जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे सोबत हमी देणारा आणखी एक माणूस. नात्याची अट नाही. तो अठराच्या वरचा, नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला आणि अमेरिकेत राहणारा असावा. पण दोघांची मिळकत एकत्र करता येत नाही. जॉइंट स्पॉन्सरला स्वतःचं घर अधिक येणारी व्यक्ती एवढ्यांची पूर्ण मर्यादा एकट्याने गाठावी लागते. नोकरी अगदी नवी असल्याने वकीलबाईंनी दोन्ही करायला सांगितलं.

ब्रिटनमध्ये ही दुसरी वाट सहसा बंदच असते. तिथली अट २०१२ मध्ये १८,६०० पौंडांची होती आणि एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० वर नेली. लेस्टरची माझी एक मैत्रीण अशीच प्रकरणं पाहते. तिथे मामा-काकांचा पगार कामाला येत नाही, नवरा-बायकोच्या हिशेबातच सगळं बसवावं लागतं, आणि नाही बसलं तर मुलं एका पालकाला स्क्रीनवर पाहत वाढतात. अमेरिकेतली सोय त्या मानाने माणुसकीची आहे. म्हणूनच ती नीट वापरली गेली पाहिजे असं मला वाटतं.

त्या तरुणाचे मामा पार्सिपनीला राहतात. निवृत्त इंजिनियर, पेन्शन आणि सोशल सिक्युरिटी मिळून तिघांच्या मर्यादेच्या बरेच वर. भाच्याने फोनवर विचारलं आणि त्यांनी जागच्या जागी होकार दिला. मी म्हटलं, दोघे या, आणि मामींनाही घेऊन या. सही फक्त मामांची लागणार होती. मामींची मिळकत मोजायची नसेल तर त्यांची सही लागत नाही. पण घर दोघांचं आहे.

त्या दिवशी मी कराराचा भाग मराठीत एकेक वाक्य करून सांगितला. मामा मधूनमधून ‘हो हो, ठीक आहे’ म्हणत होते. मामी गप्प होत्या, वहीत लिहून घेत होत्या. संपल्यावर त्यांनी विचारलं, ‘आमचं घर तारण राहतं का?’ नाही, तारण राहत नाही. मात्र पुढे कधी कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला तर वसुली तुमच्याकडून होऊ शकते. ‘भाच्याने पैसे दिले नाहीत तर आधी त्याच्याकडे मागतील ना?’ तसा क्रम नाही. दोघेही पूर्ण जबाबदार, कुणाकडेही मागता येतं. ‘मुलीने नोकरीच केली नाही तर?’ हा प्रश्न वकीलबाईंकडे गेला. २०१२ मध्ये शिकागोच्या सातव्या सर्किट अपील न्यायालयाने म्हटलं आहे की हमीदाराकडून आधार मागणाऱ्या व्यक्तीने आधी नोकरी शोधलीच पाहिजे असं बंधन नाही. तो निकाल न्यू जर्सीत बंधनकारक नाही, पण तो आहे हे माहीत असलेलं बरं. मागता येणारी रक्कम एकट्या व्यक्तीसाठी २०२५ च्या तक्त्याने वर्षाला १९,५६२ डॉलर होत होती, त्यातून तिची स्वतःची मिळकत वजा. मामींनी तो आकडा लिहून त्याभोवती चौकट काढली. मामा जरा अवघडले. भाचा तर खाली मान घालून बसला होता.

मग मामी त्याच्याकडे वळून म्हणाल्या, ‘अरे, नाही म्हणायला नाही विचारत मी. तिला कधी काही कमी पडलं तर मला आधी कळलं पाहिजे, एवढंच.’ आणि सही झाली. त्याआधी मी एक गोष्ट सांगितली होती. मामांच्या टॅक्सचे कागद त्यांनी भाच्याच्या हाती न देता परस्पर आमच्याकडे द्यावेत. आपल्या लोकांत मिळकत उघडी पडण्याचा संकोच मोठा असतो. जवळच्या नात्यात तर जास्तच. संपूर्ण गुप्ततेचं वचन मी देत नाही, कारण अर्जाच्या ऑनलाइन खात्यात कागद दिसू शकतात. पण तेवढी काळजी घेतली की माणसं मोकळेपणाने येतात. पत्ता बदलला तर तीस दिवसांत सरकारला कळवायचं असतं, हेही मामींच्या वहीत गेलं.

सरकार हमीदाराच्या मागे लागल्याचं मी या ऑफिसात पाहिलेलं नाही. कोर्टात जातात त्या बहुतेक करून घटस्फोट झालेल्या किंवा होऊ घातलेल्या बायका, क्वचित पुरुष. अशी एक बाई आमच्याकडे आली होती. आमची अशील नव्हती, कुणीतरी पत्ता दिला म्हणून आली. ती मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपत होती, हातात ग्रीन कार्ड होतं, खिशात काही नव्हतं. नवऱ्याने तिला सांगितलं होतं की वेगळी झालीस की तुझा माझ्याशी संबंध संपला. तिच्यासाठी असा काही करार सही झाला आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मुंबईला बीकेसीत वकिलातीच्या खिडकीपाशी तिने जो फाइलींचा गठ्ठा पुढे सरकवला, त्यातच तो होता. वकीलबाईंनी तिला कौटुंबिक कायद्याच्या वकिलाकडे आणि निवाऱ्याच्या संस्थेकडे पाठवलं.

तेव्हापासून मला सारखं वाटत राहिलं की या सगळ्या व्यवहारात नवरा असतो, मामा असतात, मामी असतात, सरकार असतं, आणि जिच्या पोटापाण्यासाठी हे सगळं लिहून घेतलंय ती तेवढी नसते. तिच्याकडून फक्त पासपोर्टची प्रत, जन्मदाखला, पोलिसांचा दाखला आणि फोटो मागवतात. मी वकीलबाईंशी बोलले. आमच्या ऑफिसात नवरा-बायको दोघेही अशील असतात, त्यामुळे तिलाही माहिती देणं हे आमचंच काम आहे, असं त्या म्हणाल्या. दोघांचं पटेनासं झालं तर मात्र आम्ही कुणा एकाच्या बाजूने उभे राहू शकत नाही, तेही तेव्हाच सांगायचं ठरलं. आता कागद पाठवण्यापूर्वी एक फोन त्या मुलीला जातो. गुजराती आणि स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांसाठी माझ्या सहकारी करतात. पर्थ ॲम्बॉयची डॉमिनिकन मंडळी आमच्याकडे बरीच येतात, आणि तिथेही हमीपत्र हे पुरुषांनी आपापसांत उरकायचं काम समजतात.

काही नवऱ्यांना हे रुचत नाही. ‘आत्ताच कशाला तिच्या डोक्यात घालता?’ असं म्हणतात. मी त्यांना विचारते की हे तिच्यापासून लपवण्यासारखं आहे का. बहुतेक जण विचारात पडतात आणि फोन नंबर देतात. कराडच्या मुलीचा नंबर तिच्या नवऱ्याने लगेच दिला. ती एम.एस्सी. झालेली, एका ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारी. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि पहिला प्रश्न चाळीस तिमाह्यांचा काढला. म्हणजे दहा वर्षं का? साधारण तसंच, वर्षाला जास्तीत जास्त चार. २०२५ मध्ये एका तिमाहीला १,८१० डॉलरची कमाई लागायची. वर्षात ७,२४० झाले की चारही जमा, मग ते दोन महिन्यांत कमावलेले असोत की बारा. लग्न टिकून असेल तर नवऱ्याच्या त्या काळातल्या तिमाह्याही धरता येतात. आणि नवऱ्याबरोबर राहत असेल तर तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. ‘मग मामा-मामी तीन-चार वर्षांत मोकळे होतील,’ ती म्हणाली. तिने हिशेब त्यांच्या बाजूने केला होता. इकडच्या शाळेत शिकवायला काय परीक्षा लागतात, भारतातल्या पदवीचं मूल्यांकन कोण करतं, ते तिने त्यानंतर विचारलं. तेवढं मला ठाऊक होतं ते मी सांगितलं.

शेवटी तिने फॉर्मची प्रत मागितली. ‘त्यांच्या नको, माझ्या ईमेलवर पाठवा.’ मामांच्या टॅक्सची पानं वगळून दोन्ही सह्यांचे फॉर्म मी त्याच दुपारी पाठवले, आणि तिच्या नवऱ्यालाही तसं कळवलं.